पाच आकडे, एक कागद: मेटाबॉलिक सिंड्रोम ओळखायचा कसा आणि मग नक्की करायचं काय

रिपोर्ट हातात आला की आपण पहिलं काय बघतो, तर ठळक अक्षरात काही आलंय का. उपाशीपोटीची शुगर १०८, लॅबवाला म्हणतो थोडी वर आहे, गोड कमी करा. बीपी १३४/८६, कंपनीच्या चेकअपमधले डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १७५, ते "बॉर्डरलाईन". पोट सुटलंय, पण चाळिशीनंतर कोणाचं सुटत नाही. एकेक आकडा सुटा बघितला तर कुठलाच घाबरण्यासारखा नाही, म्हणून कोणीच काही करत नाही, ना पेशंट ना डॉक्टर. गंमत अशी की हे सगळे आकडे एकाच माणसाचे असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आणि अशा माणसाला पुढे टाइप २ डायबेटिस होण्याची शक्यता साधारण पाचपट आणि हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकची साधारण दुप्पट असते. "बॉर्डरलाईन" या शब्दावर माझा राग आहे तो यासाठीच, तीन बॉर्डरलाईन मिळून एक स्पष्ट निदान होतं आणि तेच कोणी सांगत नाही.

ही कल्पना काही नवी नाही. १९८८ मध्ये स्टॅनफर्डचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी हे सगळं एकत्र का येतं ते मांडलं आणि त्याला सिंड्रोम एक्स म्हटलं. मुळाशी असतो इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीरात इन्सुलिन असतं पण स्नायू आणि लिव्हर त्याचं ऐकत नाहीत, मग स्वादुपिंड अजून इन्सुलिन सोडतं, पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी साठत जाते, लिव्हर रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड टाकायला लागतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, बीपी चढतं, आणि शुगर बऱ्याचदा सगळ्यात शेवटी वर येते. म्हणजे "माझी शुगर नॉर्मल आहे" एवढ्यावर खूश होऊ नका, बाकीची मंडळी आधीच येऊन बसलेली असू शकतात.

आपल्याकडे हे किती पसरलंय याचा अंदाज २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशभरच्या सर्व्हेवरून येतो. डायबेटिस साधारण १० कोटी १० लाख लोकांना, प्री-डायबेटिस (डायबेटिसच्या आधीची पायरी) १३ कोटी ६० लाख लोकांना. मोठ्या माणसांत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के, हाय बीपी ३५.५ टक्के आणि लिपिडचा म्हणजे रक्तातल्या चरबीचा काही ना काही बिघाड ८१ टक्के! डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे निघालं तर आपल्या शेजारी गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे चारात एक.

आणि "आम्ही कुठे जाडे आहोत" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांची टीम १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करतेय. त्यांना दिसलं की आपली बाळं वजनाला कमी भरतात, पण इंग्लंडच्या बाळांशी तुलना केली तर स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळपास तेवढीच. यालाच थिन-फॅट म्हणतात, वरून बारीक, आतून चरबी. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते. चला, तिथूनच सुरू करू.

स्टेप १: टेप घ्या, पँटचा साइज विसरा

पँटचा नंबर हा कमरेचा घेर नाही, कारण पोट सुटलं की आपण पँट पोटाखाली घालायला लागतो आणि ३४ चा नंबर वर्षानुवर्षं ३४ च राहतो. शिंप्याची कापडी टेप घ्या, सकाळी उपाशीपोटी, शर्ट वर करून आरशासमोर उभं राहा. बरगडीचं सगळ्यात खालचं टोक चाचपा, कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप येऊ द्या, सगळीकडून जमिनीला समांतर, घट्ट आवळायची नाही. नेहमीसारखा श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढायचं नाही, कोणी बघत नाहीये.

आपल्या लोकांसाठी मर्यादा अशी, पुरुष ९० सेंटिमीटर (३५ इंचाच्या थोडं वर) आणि बाई ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच). तेवढा किंवा त्याहून जास्त असेल तर एक खूण करा. अमेरिकन वेबसाइटवर पुरुषांना १०२ आणि बायकांना ८८ लिहिलेलं दिसेल, ते बघून खूश होऊ नका, ते आपल्यासाठी नाही. बीएमआयचंही तसंच, आपल्याकडे २३ च्या वर ओव्हरवेट आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात. अजून एक सोपी परीक्षा म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा.

स्टेप २: बीपी नीट मोजा, नाहीतर मोजूच नका

जिना चढून धापा टाकत दवाखान्यात शिरलं, चहा नुकताच झालाय, बाजूला नर्स गप्पा मारतेय आणि शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, असं मोजलेलं बीपी कोणाच्या कामाचं नाही. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर, मनगटावरची मशीन टाळा. मोजताना बोलायचं नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी घ्या. सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर केलं तर खरं चित्र कळतं.

वरचा १३० किंवा जास्त, किंवा खालचा ८५ किंवा जास्त, यातलं काहीही एक असलं तरी दुसरी खूण. बीपीची गोळी चालू असेल तर आकडा कितीही सुंदर येऊ दे, खूण करायचीच, कारण तो आकडा गोळीने आणलाय. आणि १८०/१२० च्या आसपास आलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, धूसर दिसणं, हातपाय लुळे पडणं असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

स्टेप ३: रक्त, पण ऐंशी टेस्टचं पॅकेज नको

पेपरमध्ये आणि मोबाईलवर "फुल बॉडी चेकअप" च्या जाहिराती येतात, ८० टेस्ट, ९० टेस्ट, सोबत बहिणीला फ्री वगैरे. बहुतेकांना त्यातल्या बऱ्याच टेस्टची गरज नसते, आणि इतक्या टेस्ट केल्या की एखादी तरी चुकून इकडेतिकडे निघते आणि मग त्या मागे पळत बसायचं. आपल्याला हव्यात दोनच, उपाशीपोटीची शुगर आणि लिपिड प्रोफाइल. जमलं तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर.

रात्री नेहमीसारखं जेवा, मग १० ते १२ तास पाणी सोडून काही नाही, सकाळचा "फक्त अर्धा कप चहा" पण नाही. आदल्या एक-दोन दिवसांत दारू नको कारण ट्रायग्लिसराइड त्याने उसळतात. लग्नाच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी किंवा तापात टेस्ट करू नका.

बघायचं काय? उपाशीपोटीची शुगर १०० किंवा जास्त, तिसरी खूण. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, चौथी खूण. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषात ४० पेक्षा कमी आणि बाईत ५० पेक्षा कमी, पाचवी खूण. शुगरची किंवा ट्रायग्लिसराइडची गोळी चालू असेल तर इथेही खूण आपोआप. एक गोष्ट लक्षात घ्या, लॅबच्या रिपोर्टवर बायकांच्या एचडीएलसाठी बऱ्याचदा ४० चीच रेंज छापलेली असते, मग ४४ आलं तरी बाजूला "नॉर्मल" दिसतं, आपण आपला आकडा ५० शीच ताडून बघायचा.

उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आलं (आणि पुन्हा तपासून तसंच आलं) तर तो डायबेटिस, मग डॉक्टर आधी, बाकी नंतर. १०० ते १२५ किंवा ५.७ ते ६.४ हे प्री-डायबेटिस. इथे बायकांसाठी एक मेख आहे, लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसू शकतं, आणि आपल्याकडे अ‍ॅनिमिया किती आहे ते वेगळं सांगायला नको, म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल तर एकट्या एचबीए१सीवर विसंबू नका. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर वाट बघू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

स्टेप ४: एकाच कागदावर मांडा

फाईल नको, अ‍ॅप नको, वहीचा एक कागद. वर नाव, तारीख, वय. खाली पाच ओळी: घेर, बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल. पाचपैकी तीन किंवा जास्त खुणा आल्या तर मेटाबॉलिक सिंड्रोम, बास, एवढंच आहे. २००९ मध्ये जगातल्या मोठ्या संस्थांनी एकत्र बसून हीच व्याख्या पक्की केली, त्याच्या आधी प्रत्येकाची वेगवेगळी होती.

दोन खुणा आल्या तर सुटलो असं समजू नका. शुगर ९९ आणि १०१ यात शरीराला काही भिंत दिसत नाही. खाली अजून चार गोष्टी लिहा, आईवडिलांना किंवा भावंडांना डायबेटिस किंवा साठीच्या आत हार्ट अटॅक, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, पीसीओडी, आणि बाळंतपणात शुगर वाढली होती का. ही शेवटची गोष्ट बायका स्वतःच विसरून जातात, डिलिव्हरीनंतर शुगर नॉर्मल आली की विषय संपतो, पण धोका संपत नाही, त्यांनी शुगर अधूनमधून तपासत राहायला हवी. मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखी काळी जाडसर त्वचा झाली असेल तर तेही लिहा, ती मळ नाही, घासून जात नाही, ती इन्सुलिन रेझिस्टन्सची खूण असू शकते.

हा कागद घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा करा. एकाच स्वयंपाकघरातलं जेवतो, एकाच टीव्हीसमोर बसतो, मग एकट्या बाबांचंच कसं असेल.

स्टेप ५: महिन्याची किराणा यादी तपासा

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते खरा उपाय इथेच आहे. डाएट चार्ट फ्रिजवर चिकटवायचे आणि तेलाचा डबा तोच आणायचा, याला काही अर्थ नाही. एकट्या माणसाने मन मारून खाणं किती दिवस टिकणार, घरात काय येतं तेच बदललं तर मन मारावं लागतच नाही.

चार मोठ्या माणसांचं घर धरू, महिना तीस दिवसांचा.

तेल. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण २० ग्रॅम तेल-तूप पुरे, म्हणजे चार छोटे चमचे. चार माणसं, तीस दिवस, झाले २४०० ग्रॅम, लिटरमध्ये साधारण २.६. आणि बऱ्याच घरात येतो ५ लिटरचा डबा आणि महिना संपायच्या आत तो संपतो, म्हणजे माणशी ३८ ग्रॅमच्या आसपास, तूप-लोणी आणि बाहेरचा वडा, फरसाण, बिर्याणी त्यात धरलेलीच नाही. तेल कुठलं चांगलं यावर घराघरात वाद चालतात, करडई की शेंगदाणा, घाण्याचं की रिफाइंड. ठीक आहे, आलटून पालटून वापरा, वनस्पती तूप टाळा, पण किती हा प्रश्न कुठलं यापेक्षा मोठा आहे. करायचं काय, तर महिन्याचं तेल एकदाच वेगळं काढून ठेवायचं, अडीच लिटर, आणि फोडणीला बाटलीतून ओतायच्या ऐवजी चमच्याने घालायचं. पहिल्या महिन्यात भाजी कोरडी लागते अशी तक्रार येणारच. कांदा झाकण ठेवून शिजवला, थोडं पाणी शिंपडलं की जमतं.

साखर. रोजची मर्यादा २५ ग्रॅम धरा, म्हणजे चौघांना महिन्याला ३ किलो, आणि त्यात गूळ, मध, काकवी, सरबत, बिस्किट सगळं आलं. गूळ नैसर्गिक आहे म्हणून चालतो हा आपला लाडका गैरसमज, थोडं लोह वगैरे असेल पण शरीरात जाऊन त्याची साखरच होते. चहाचा हिशोब करा, कपाला दोन चमचे म्हणजे ८ ते १० ग्रॅम, दिवसाला चार कप म्हणजे ३२-४० ग्रॅम, कोटा चहातच संपला! एकदम बिनसाखरेचा चहा कोणाला जमत नाही, आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, दीड-दोन महिन्यांत जीभ सरावते आणि मग टपरीवरचा चहा पाकासारखा लागतो. चहासोबत बुडवून खायचं बिस्किट, खारी, टोस्ट हे मैदा आणि फॅट आहे, "डायजेस्टिव्ह" लिहिलंय म्हणून ते औषध होत नाही, पाकिटामागे साखर दर १०० ग्रॅमला किती लिहिलीये ते वाचा.

मीठ. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, सगळं मिळून एक छोटा चमचा. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस चालायला हवी, आणि लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, वेफर्स यातलं मीठ वेगळंच. भाताला मीठ, कणकेला मीठ, ताकात मीठ, कोशिंबिरीत मीठ आणि वर ताटात डाव्या बाजूला वाढलेलं मीठ, यातल्या दोन जागा तरी कमी करा, मी म्हणेन भात आणि कणीक. लो-सोडियम मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

आणि यादीत काय वाढवायचं? मूग, मटकी, हरभरा, चवळी, तूर, मसूर, शेंगदाणे, जमत असेल तर अंडी, मासे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि एका अंड्यात असतं ६, मूठभर कोरड्या डाळीत ७, तेवढ्याच शेंगदाण्यात ७-८. नुसत्या पातळ वरणाने ते कसं भरणार. चौघांचं घर असेल तर डाळ-कडधान्य मिळून महिन्याला सहा-सात किलो यायला हवं. ज्या घरात दोनच किलो येतं तिथे उरलेलं पोट कशाने भरतं ते समजून घ्या.

स्टेप ६: ताट उलटं वाढा

आपलं ताट मूळचं वाईट नाही, कोशिंबीर, चटणी, पालेभाजी, उसळ, भाकरी, वरण, ताक, याला कोण नावं ठेवेल. बिघडलं ते प्रमाण. भाकरी-पोळी-भाताचा डोंगर आणि उसळ वाटीच्या तळाला. इंडियाबच्या आहाराच्या अभ्यासात निघालं की आपल्या जवळपास ६२ टक्के कॅलरी कार्बोहायड्रेटमधून येतात, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, गव्हाचं पीठ आणि साखर. तर आधी ताटाचा निम्मा भाग भाजी, पालेभाजी, कोशिंबिरीने भरा, मग पाव भाग उसळ, घट्ट डाळ, पिठलं, अंडं, मासा, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा पोळी किंवा भात. "किंवा" महत्त्वाचं आहे, आपण तिन्ही घेतो. जेवताना सुरुवात भाजी-उसळीने केली आणि भात शेवटी घेतला तर जेवणानंतरची शुगर कमी उसळते.

ज्वारीबद्दल, होय, भाकरी पोळीपेक्षा आणि मैद्यापेक्षा बरी, पण भाकरी म्हणजे हवी तेवढी खा असा परवाना नाही, तीन मोठ्या भाकरी म्हणजे पिठाचा ढीगच आहे. नाचणी सत्व दूध-साखर घालून प्यायचं आणि मिलेट्स खातो म्हणून सांगायचं, हेही तसंच.

उपवास हा स्वतंत्र विषय आहे. एकादशी दुप्पट खाशी आपण चेष्टेत म्हणतो, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर तूप, मग वेफर्स, मग खजूर रोल. उपवास करायचाच तर राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, दही, एखादं फळ, भगर घेतली तर वाटीभर. साबुदाणा खिचडी सणाला खा की, पण चतुर्मासात दर सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला नको.

दोन वेळाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत महाराष्ट्रात गावोगावी पोचली आहे. दिवसभर चरत राहणं बंद होतं, चहा-बिस्किट सुटतं, त्यामुळे अनेकांचं वजन उतरतं हे आजूबाजूला दिसतंच. तुम्हाला झेपत असेल तर करा. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर डोस बदलल्याशिवाय जेवण गाळू नका, शुगर एकदम उतरून चक्कर येऊ शकते, आणि गरोदर बायकांनी कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बघून हे सुरू करू नये.

टार्गेट किती? सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे ७५ किलोच्या माणसाने साधारण ४ ते ५ किलो. एवढं कमी ऐकून लोक नाराज होतात. पण अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (२००२) ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम या टार्गेटवर प्री-डायबेटिसमधून डायबेटिसमध्ये जाणाऱ्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्के. आपल्या चेन्नईतल्या चाचणीत (२००६) जीवनशैली बदलून साधारण २८ टक्के घट झाली. आपल्याकडे फायदा कमी दिसला हे खरंय, लपवण्यात अर्थ नाही, तरी तेवढा फायदाही फुकट मिळत असेल तर सोडायचा का?

स्टेप ७: शतपावली लांबवा आणि जोर-बैठका परत आणा

शतपावली आपल्याकडे आहेच, फक्त शंभर पावलांवर थांबू नका, रात्रीच्या जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला, जेवणानंतरची शुगर चालणारे स्नायूच उचलून नेतात. याशिवाय आठवड्याला १५० मिनिटं जोरात चालणं, इतकं जोरात की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मित्रांबरोबर रमतगमत फिरून शेवटी मिसळ खाऊन घरी येणं यात धरत नाहीत.

पण फक्त चालण्यावर थांबू नका. आपली अडचणच कमी स्नायू ही आहे, आणि रक्तातली साखर रिचवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. जिमची फी नको, तालमीतल्या बैठका आणि जोर घ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, जमिनीवर जोर जमत नसतील तर भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला, आठवड्यातून दोन-तीन दिवस. बायकांना कोणी हे सांगतच नाही, "घरकामातच व्यायाम होतो" म्हणून त्यांची बोळवण होते. घरकामाने दमायला होतं, स्नायू फारसे वाढत नाहीत, दोन्हीत फरक आहे.

साठीच्या पुढे असाल किंवा छातीत दाब, धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्टेप ८: झोप, मिश्री, दारू

थोडक्यात सांगतो. सहा तासांपेक्षा कमी झोप रोजची असेल तर भूक आणि शुगर दोन्ही बिघडतात, चाकणच्या कंपनीतली फिरती शिफ्ट असो की हिंजवडीतले रात्रीचे कॉल. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा डुलक्या, हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, बीपी गोळ्यांनी आटोक्यात येत नसेल तर नक्की तपासा. तंबाखू म्हणजे फक्त सिगरेट नाही, दात घासायची मिश्रीही तंबाखूच आहे आणि ती दिवसातून चार वेळा लावणाऱ्या बायका डॉक्टरांनी विचारल्यावर "काही व्यसन नाही" असं सांगतात. दारू ट्रायग्लिसराइड आणि बीपी दोन्ही वाढवते, सोबतचा चकणा वेगळा.

स्टेप ९: कागद घेऊन डॉक्टरांकडे

बीपीचा डॉक्टर वेगळा, शुगरचा वेगळा, पोटाची सोनोग्राफी तिसऱ्याने केलेली, असं असेल तर कागद एकाच फॅमिली डॉक्टरांसमोर ठेवा आणि स्पष्ट विचारा, "डॉक्टर, हे सगळं मिळून मेटाबॉलिक सिंड्रोम आहे का, माझा हार्टचा धोका किती, आत्ता गोळी हवी की तीन महिने प्रयत्न करू?" लिव्हर आणि किडनीची तपासणी (एसजीपीटी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन) गरजेची आहे का तेही विचारा.

गोळी एकदा सुरू झाली की आयुष्यभराची, या भीतीने लोक वर्षानुवर्षं १५० चं बीपी घेऊन फिरतात. अहो, वजन आणि मीठ कमी झालं की डॉक्टर डोस कमी करू शकतात, पण तोपर्यंत रक्तवाहिन्यांची जी वाट लागते ती भरून येत नाही. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, शेजाऱ्याची गोळी घ्यायची नाही, आणि "शुगर मुळापासून घालवतो" म्हणणाऱ्या पुड्यांच्या नादी लागायचं नाही. वजनाची नवी इंजेक्शनं आता भारतात मिळतात, काहींना खरंच उपयोगी आहेत, पण ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत, आणि त्यांच्यासोबत प्रोटीन आणि व्यायाम नसेल तर स्नायूही झडतात, जे आपल्याकडे आधीच कमी आहेत.

स्टेप १०: तीन महिन्यांनी परत, आणि घराबाहेरही

टेप दर महिन्याला, बीपी डॉक्टरांनी सांगितलं तसं, रक्त तीन महिन्यांनी. वजन हललं नाही पण घेर दोन-तीन सेंटिमीटर उतरला तर ते यशच आहे. ट्रायग्लिसराइड सगळ्यात आधी खाली येतात, एचडीएल मात्र हट्टी असतं, त्यावरून निराश होऊ नका.

सोसायटीच्या मीटिंगला समोसा आणि कोल्ड्रिंकच्या जागी उकडलेल्या शेंगा, वाटली डाळ आणि ताक ठेवून बघा, पहिल्या वेळी कुरकुर होईल, नंतर डाळच आधी संपते. शाळांसाठी सीबीएसईने २०२५ मध्ये शुगर बोर्ड लावायला सांगितलंय, कुठल्या पेयात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून, तुमची शाळा राज्य मंडळाची असली तरी पालक सभेत हा विषय काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि खासगी लॅबचे पैसे नसतील तर अडून राहू नका. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, गावातल्या उपकेंद्रात म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ती होते, लिपिडसाठी रक्त तिथून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवता येईल का ते विचारा. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात, वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरात कोणाला बीपी, शुगर किंवा हार्टचा त्रास, त्याचे गुण ४ च्या वर गेले की तपासणीला आधी पाठवतात. पण त्या येतात दुपारी, पुरुष शेतावर नाहीतर कामावर, मग नवऱ्याचा घेर बायको अंदाजाने सांगते आणि तो नेहमी कमीच सांगितला जातो. तसं करू नका, आशाताईंना सुट्टीच्या दिवशी बोलवा, नाहीतर पुरुषांनी स्वतः उपकेंद्रात जाऊन मोजून यावं.